एसपीव्ही-सी जनुक निम्म्या कल्चरांत येत नाही, चूक कुठे?

क्लोएकल_स्वॅब
ब्रॉयलरच्या क्लोएकल (गुदद्वारातून घेतलेल्या) स्वॅबमधले साल्मोनेला. पीसीआरला इन्व्ह-ए (साल्मोनेला ओळखायचा जनुक) सगळ्यांत येतो, २८४ बेसपेअरचा स्वच्छ पट्टा. एसपीव्ही-सी (५७१ बेसपेअरचा पट्टा देणारी प्रायमरजोडी) निम्म्यांत नाही. एक्सएलडीवरची (साल्मोनेला निवडायच्या अगारवरची) काळी वसाहतच उकळून डीएनए काढतो. पॉझिटिव्ह कंट्रोल इन्व्ह-एपुरताच तपासलेला आहे.

अगारवाला
मग निगेटिव्ह म्हणायची घाई नको. दोन्ही जनुकं असलेला कंट्रोल ठेवा, टायफिम्युरियम या सीरोव्हारचा (साल्मोनेलाच्या उपप्रकाराचा) एलटी-२ स्ट्रेन चालेल. निगेटिव्हला ई. कोलाय.

एक्सएलडीवरून थेट उचलू नका. पित्तक्षार सोबत येतात, आणि पीसीआर अडला की आधी लांब पट्टा जातो, २८४चा तरतो. न्यूट्रिएंट अगारवर रात्रभर वाढवा. एक वसाहत १०० मायक्रोलिटर निर्जंतुक पाण्यात, ९५ अंशांवर १० मिनिटं, लगेच बर्फावर, मग १२,००० जी-ला ५ मिनिटं. वरचं पाणी २ मायक्रोलिटर घ्या. पिपेटचं टोक गाळाला लागलं तर नळी पुन्हा फिरवा.

सीरोव्हार_आधी
एवढं करूनही निगेटिव्ह आले तर ते बहुधा खरेच आहेत. इन्व्ह-ए गुणसूत्रावर, एसपीआय-१ या जनुकांच्या गटात असतो, म्हणून जवळपास सगळ्यांत सापडतो. एसपीव्ही-सी सहसा प्लाझ्मिडवर (गुणसूत्राबाहेरच्या डीएनएच्या कड्यावर). टायफिम्युरियममध्ये ते सुमारे ९४ हजार बेसपेअरचं, एन्टेरिटिडिसमध्ये ५९ हजारांच्या आसपास, इन्फँटिसमध्ये बहुतेक नसतंच. सीरोटायपिंग न करता काढलेल्या टक्केवारीला माझ्या मते फारसा अर्थ नाही. वारंवार सबकल्चर केलेल्या स्लँटमधून (तिरक्या अगारच्या नळीतून) प्लाझ्मिड गळूही शकतं, तेव्हा मूळ ग्लिसरॉल स्टॉकवरून एकदा तपासा.

आणि एसपीव्ही-सी नाही म्हणजे जिवाणू निरुपद्रवी, असं अहवालात लिहू नका. आतड्याच्या पेशीत घुसायची यंत्रणा एसपीआय-१ ची; इन्फँटिसनेही माणसाला जुलाब होतात. एसपीव्हीचा संबंध जास्त करून आतड्याबाहेर पसरण्याशी.

अगारवाला
एक राहिलं. एन्रिचमेंट (नमुन्यातले साल्मोनेला वाढवणं) फक्त एमएसआरव्ही या मऊ अगारवर करत असाल तर गॅलिनेरम आणि पुलोरम हे कोंबड्यांतले सीरोव्हार हातचे सुटतात. त्यांना हालचाल नाही, त्यामुळे त्या मऊ अगारात ते पसरत नाहीत. कोंबड्यांच्या नमुन्यांत हे परवडणार नाही. जोडीला आरव्हीएस हे द्रव माध्यम लावा: प्री-एन्रिचमेंटचं ०.१ मिली १० मिलीत, ४१.५ अंशांवर २४ तास. एक्सएलडीवर त्यांच्या वसाहती बारीक असतात, काळा ठिपका नसतोही. फक्त काळं शोधणाऱ्याच्या नजरेतून त्या निसटतात.