जुना पेट्रोल पिकअप चढावर नॉकिंग करतोय, टायमिंग कसं तपासू?

भांडुपचा_पिकअप:
बाबांच्या वेळचा महिंद्राचा जीपवाला पिकअप आहे, हरिकेन पेट्रोल इंजिन. मध्यंतरी प्लग, सीबी पॉइंट (ठिणगीसाठी करंट तोडणारे संपर्क), कंडेन्सर सगळं नवीन टाकून घेतलं आणि तेव्हापासून थर्ड गिअरला जोर मागितला की बाटलीत खडे हलवल्यासारखा आवाज (नॉकिंग) येतो. जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडला पवईच्या चढावर तर हमखास, मागे माल असला तर साध्या फ्लायओव्हरवरसुद्धा. ॲक्सिलरेटर सोडला की बंद. एक मेकॅनिक म्हणतो टायमिंग (प्लगला ठिणगी पडायची वेळ) मागे घे, दुसरा म्हणतो इथेनॉलवाल्या पेट्रोलमुळे होतंय, १०० ऑक्टेनचं (नॉकिंग रोखणारं महाग) पेट्रोल टाक. गाडी टिकवायचीय मला, कुठून सुरुवात करू?

जीपवाला_ठाणे:
भाऊ, १०० ऑक्टेनवर पैसे घालवू नका. या इंजिनाचं कॉम्प्रेशन ७ ला १ च्या आसपास आहे, पंपावरचं साधं पेट्रोल त्याला भरपूर झालं. तरी नॉकिंग होतंय म्हणजे टायमिंग, कार्बन, गरम होणं किंवा लीन मिक्श्चर (हवा जास्त, पेट्रोल कमी) यातलंच काहीतरी आहे. आणि पॉइंट बदलल्यापासून सुरू झालं म्हणताय ना, मग आधी तिथेच बघा. पॉइंटचं गॅप वाढलं की पॉइंट लवकर उघडतात, म्हणजे डिस्ट्रीब्युटरला (पॉइंट ज्यात असतात आणि जो प्लगना करंट वाटतो) हात न लावताही टायमिंग आगाऊ जातं. बरेच जण आधी टायमिंग लावतात आणि मग गॅप सेट करतात, तिथेच गडबड होते.
फीलर गेजने गॅप ०.०२० इंच करा, साधारण अर्धा मिमी. मग एक नंबरचा प्लग काढून भोकावर अंगठा ठेवा, हँडलने इंजिन फिरवा, दाब आला की कॉम्प्रेशन स्ट्रोक, टायमिंगची खूण ५ डिग्री बीटीडीसीवर (पिस्टन अगदी वर पोचायच्या ५ डिग्री आधी) आणा. इग्निशन ऑन करून डिस्ट्रीब्युटरच्या बारीक वायरच्या टर्मिनलला आणि बॉडीला टेस्ट बल्ब लावा आणि डिस्ट्रीब्युटर हळू फिरवा, बल्ब ज्या क्षणी पेटेल तिथेच आवळा. फायरिंग ऑर्डर (सिलिंडरना ठिणगी पडायचा क्रम) १-३-४-२.

कुर्ला_गॅरेज:
वरचं सगळं बरोबर पण एवढ्यावर थांबू नका. टायमिंग लाइट (प्लगच्या ठिणगीबरोबर चमकून खूण दाखवणारा दिवा) आणून आयडलला बघा, मग हळूहळू रेस द्या. खूण सावकाश पुढे सरकली पाहिजे आणि रेस सोडली की परत आली पाहिजे. आयडलच्या जरा वर गेल्या गेल्या खूण उडी मारून पुढे जात असेल तर डिस्ट्रीब्युटरमधल्या, वेगाबरोबर टायमिंग पुढे नेणाऱ्या वजनांच्या स्प्रिंग सैल झाल्यात किंवा तुटल्यात, मग कमी आरपीएमलाच पूर्ण ॲडव्हान्स मिळतो आणि चढावर नॉकिंग होणारच. खूण थरथरत असेल तर डिस्ट्रीब्युटरच्या शाफ्टचं बुश गेलंय, शाफ्ट हाताने हलवून बघा, खेळ जाणवेल. असं असलं तर गॅप कितीही नीट लावा, चारही सिलिंडरला टायमिंग सारखं येणार नाही.
आणि नुसता आवाज बंद व्हावा म्हणून टायमिंग मागे घेऊ नका हो. गाडीचा जोर मरतो, एक्झॉस्ट तापतं, इंजिन गरम होतं, मूळ दुखणं तसंच राहतं.

घाटातली_जीप:
इथेनॉलबद्दल थोडं. ऑक्टेन त्याने कमी होत नाही, उलट वाढतं, पण शुद्ध पेट्रोलच्या हिशोबाने जेट (पेट्रोल सोडणारं छिद्र) बसवलेला जुना कार्बोरेटर ई२० वर (२० टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलवर) लीन चालतो, आणि लीन मिक्श्चरने नॉकिंग वाढतं. तपासायला सोपं आहे, चढावर आवाज सुरू झाला की चोक किंचित ओढा, म्हणजे हवा कमी होऊन पेट्रोलचं प्रमाण वाढतं. आवाज कमी झाला तर मेन जेट, फ्लोट लेव्हल आणि मॅनिफोल्डचं गॅस्केट बघा. तेवढ्यात पेट्रोलचे जुने रबरी पाइपही बदलून टाका, इथेनॉलने ते फुगतात आणि चिरतात, उगाच आगीची भीती.

भांडुपचा_पिकअप:
सगळ्यांचे मनापासून आभार. आत्ता गॅप मोजलं, बरंच जास्त निघालं. ते नीट करून बल्बने टायमिंग लावतो आणि मग टायमिंग लाइट मागवतो. चोक ओढून पाहायची टेस्ट त्यानंतरच करतो, नाहीतर कशाने फरक पडला तेच कळणार नाही.