सीटॅबमध्ये द्रावण स्वच्छ, पण एन्झाइम मेलेलेच

प्रश्न: इन्क्लुजन बॉडी (जिवाणूंत साचलेले, घडी न बसलेल्या प्रथिनाचे गोळे) 6 मोलर ग्वानिडीन (साखळी उलगडणारे) आणि 10 मिलीमोलर डीटीटीमध्ये (डायसल्फाइड बंध तोडणारे) विरघळवल्या आहेत. आता प्रथिनाची घडी पुन्हा बसवून चालते एन्झाइम मिळवायचे आहे. प्रथिन 2 मिग्रॅ/मिली, 30 किलोडाल्टन, दोन डायसल्फाइड बंध (साखळीतले गंधक-गंधक जोड). नुसत्या ट्रिस बफरमध्ये (पीएच 8) 20 पट पातळ केले की लगेच पांढरा साका बसतो. ट्रिसमध्ये 2 मिलीमोलर सीटॅब (धनभारित डिटर्जंट) असेल तर द्रावण स्वच्छ राहते. नंतर 4 अंशांवर रात्रभर डायलिसिस केले (लहान रेणू बाहेर जाऊ देणाऱ्या पिशवीत ठेवले), तर पिशवीत स्फटिक आणि अ‍ॅक्टिव्हिटी शून्य. सीटॅबऐवजी एसडीएस (ऋणभारित डिटर्जंट) वापरू का?

उत्तर 1: एसडीएस अजिबात नको, ग्वानिडीनबरोबर त्याचाच साका होतो. पोटॅशियमबरोबरही तेच. तुमचे स्फटिक बहुधा सीटॅबचे आहेत. साधारण 25 अंशांखाली ते विरघळलेले राहत नाही. फ्रिज विसरा.

खरी अडचण वेगळी आहे. सीटॅब उलगडलेल्या साखळ्यांना एकमेकींना चिकटू देत नाही, पण स्वतः चिकटून बसल्यामुळे घडीही बसू देत नाही. ते झटकन काढून घ्यावे लागते. रसायनशास्त्रज्ञ सॅम्युएल गेलमन यांच्या गटाने 1995 मध्ये त्यासाठी सायक्लोडेक्स्ट्रिन (साखरेच्या रेणूंचे कडे) वापरले: त्याच्या पोकळीत डिटर्जंटची शेपटी अडकते आणि प्रथिन मोकळे होते.

सीटॅबमध्ये पातळ केल्यावर 15 मिनिटे थांबा. मग नऊ भागांत एक भाग 100 मिलीमोलर मिथिल-बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिन ढवळत घाला. म्हणजे 1.8 मिलीमोलर सीटॅबला 10 मिलीमोलर सायक्लोडेक्स्ट्रिन. रात्रभर 25 अंशांवर ठेवा. साधे बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिन घेऊ नका, ते 16 मिलीमोलरच्या आसपासच थांबते, इतका दाट स्टॉक होतच नाही.

उत्तर 2: डीटीटीचा हिशेब राहिला. 20 पट पातळ केल्यावरही 0.5 मिलीमोलर उरते, त्यामुळे बंध जुळणार कसे? ऑक्सिडाइज्ड ग्लुटाथायोन (डायसल्फाइड बंध जुळवणारे) 1 मिलीमोलर घाला. त्यातले अर्धे डीटीटीला निकामी करण्यात खर्च होईल, उरलेले कामाला येईल. माझ्या मते ते सायक्लोडेक्स्ट्रिनसोबतच घालावे. आधी घातले तर उलगडलेल्या साखळीत भलतेच बंध पडण्याची भीती.

प्रश्नकर्ता: सायक्लोडेक्स्ट्रिन नंतर काढायचे कसे?

उत्तर 1: आता डायलिसिस करा. सीटॅब पोटात घेतलेले सायक्लोडेक्स्ट्रिन दोन किलोडाल्टनच्याही आत असते, 10 किलोडाल्टनच्या पिशवीतून सहज जाते. त्याआधीच अ‍ॅक्टिव्हिटी मोजायची असेल तर मूळचे, कधीच न उलगडलेले एन्झाइमही त्याच मिश्रणात घालून पाहा. सब्स्ट्रेट (एन्झाइम ज्यावर काम करते तो पदार्थ) तेलकट असेल तर सायक्लोडेक्स्ट्रिन तोही गिळते, आणि दोष फुकट घडीच्या माथी येतो.