बेशुद्धावस्थेतल्या रुग्णाला हायपरबॅरिक ऑक्सिजन: ४० सत्रांचं पॅकेज घ्यावं का?

दाबमापक
डोक्याला मार लागून दोन-तीन महिने झालेत, डोळे उघडे असतात, पण हाकेला ओ नाही. अशा रुग्णांना एचबीओटी (हायपरबॅरिक ऑक्सिजन उपचार, म्हणजे बंद चेंबरमध्ये जादा दाबाखाली शुद्ध ऑक्सिजन) द्यायला हवी, असं माझं स्पष्ट मत आहे. साध्या हवेत १०० मिली रक्तात विरघळलेला ऑक्सिजन जेमतेम ०.३ मिली. १.५ एटीए, म्हणजे वातावरणाच्या दीडपट दाबाला शुद्ध ऑक्सिजन दिला की तो ३ मिलीच्या आसपास जातो. हिमोग्लोबिन आधीच भरलेलं असतं, वाढायला जागा इथेच. सुजेमुळे केशवाहिन्या दबल्या की लाल पेशी अडतात, प्लाझ्मा पुढे जातो. रॉक्सवोल्ड यांच्या १९९२ च्या चाचणीत १६८ गंभीर रुग्ण होते, १.५ एटीए, तासभर, दर आठ तासांनी. मृत्यूचं प्रमाण एचबीओटीविना ३२ टक्के, एचबीओटीने १७ टक्के. अजून काय पाहिजे?

पुनर्वसन_वॉर्ड
त्याच चाचणीतला पुढचा आकडा द्या की. वर्षभरानंतर चांगल्या स्थितीत असलेले किती? एचबीओटी गटात ५२ टक्के, दुसऱ्यात ५३. म्हणजे जीव वाचले, पण वाचलेले बरेचसे परावलंबीच राहिले. सगळ्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या २०१२ च्या कॉक्रेन आढाव्याचा सूरही हाच आहे. शिवाय ते रुग्ण ताज्या इजेचे, आयसीयूतले होते. तिसऱ्या महिन्यातल्या रुग्णाला तो आकडा कसा लावता?

दाबमापक
२०१३ ची चाचणी विसरलात. १.५ एटीएला एक तास आणि मग साध्या दाबाला तीन तास १०० टक्के ऑक्सिजन. तिथे मृत्यूही घटले आणि परिणामही सुधारले.

पुनर्वसन_वॉर्ड
विसरलो नाही. रुग्ण ४२, आणि तेही ताज्या इजेचेच.

माझा खरा आक्षेप वेगळा आहे. ॲमँटाडीन या औषधाची २०१२ ची चाचणी घ्या: १८४ रुग्ण, इजेनंतर ४ ते १६ आठवडे. चार आठवड्यांत औषधवाले सुधारलेच, पण नुसती साखरेची गोळी घेणारेही सुधारले. वेग कमी, इतकंच. नातेवाईक चेंबरचं पॅकेज नेमकं याच काळात घेतात. तुलनेला दुसरा गटच नसेल तर नजर फिरवायला लागला तो ऑक्सिजनमुळे की काळामुळे, हे ठरवणार कसं? तरी ॲमँटाडीनमागे निदान अमेरिकी न्यूरॉलॉजी अकादमीची २०१८ ची शिफारस आहे. एचबीओटीमागे तशी नाही.

चेंबर_सिस्टर
दोघेही दाबाचं बोलताय, रुग्णाचं कोणी बोलत नाही. शुद्धीतला माणूस आवंढा गिळून कान मोकळे करतो, दुखलं तर हात वर करतो. हा करू शकत नाही. त्यामुळे:

दाब मिनिटाला एक-दीड पीएसआयपेक्षा (दाबाचं एकक; साधा वातावरणीय दाब सुमारे १४.७) भरभर वाढवू नका. नाडी अचानक चढली, चेहरा आक्रसला तर थांबा, दाब किंचित कमी करा. प्रत्येक सत्रानंतर ओटोस्कोपने कानाचा पडदा बघा. वारंवार लाल दिसत असेल तर ईएनटीकडून ग्रोमेट (पडद्यात बसवायची बारीक नळी).

ट्रॅकिओस्टॉमीच्या (गळ्यातल्या श्वासनळीच्या) नळीभोवतीच्या फुग्यात, म्हणजे कफमध्ये (cuff), हवा ठेवू नका, सलाइन भरा. हवा दाबाखाली आकसते, कफ सैल पडतो आणि लाळ फुप्फुसात जाते. दाब उतरल्यावर सलाइन काढून परत हवा भरा. ही पायरी हमखास विसरली जाते.

आत नेण्याआधी सक्शन करून श्वासनळीतला चिकट स्राव ओढून काढा. एकाच रुग्णाच्या चेंबरमध्ये चिकट स्रावाचा बोळा अडकला तर काचेबाहेरून बघत बसावं लागतं. नळीतलं फीड आधीच बंद.

छातीचा एक्स-रे हवाच. न्यूमोथोरॅक्स (फुप्फुसाबाहेर छातीत साठलेली हवा) असेल आणि ती काढणारी ड्रेन-नळी नसेल तर सत्र नाही. कवटीच्या ताज्या शस्त्रक्रियेनंतर आत हवा राहिली असेल तर न्यूरोसर्जनला विचारल्याशिवाय नाही.

ऑक्सिजनमध्ये आग झटकन भडकते, म्हणून कपडे शंभर टक्के सुती. तेल, व्हॅसलिन, डोक्याला लावलेलं काहीही पुसून काढा. अंगाला तेल चोळल्याशिवाय आपल्या लोकांना चैन पडत नाही, म्हणून सकाळीच नातेवाइकांना सांगावं लागतं. १९९७ साली मिलानमध्ये चेंबरला आग लागून ११ जण गेले.

पुनर्वसन_वॉर्ड
आणि फिट आली तर?

चेंबर_सिस्टर
ऑक्सिजन काढा, दाब आहे तिथेच धरा, झटके थांबल्यावरच दाब उतरवा. श्वासमार्ग आवळलेला असताना दाब उतरवला तर फुप्फुस फाटू शकतं. मेंदूला मार लागलेल्यांत फिटचा धोका मुळातच जास्त. म्हणून फिटच्या गोळीचा एकही डोस चुकलेला नको.

गॅस_गिझर
बाथरूममधल्या गिझरमुळे कार्बन मोनॉक्साइडने बेशुद्ध झालेल्याला याच तराजूत घालू नका. तिथे एचबीओटी मान्य उपचार आहे. २००२ च्या वीव्हर यांच्या चाचणीत २४ तासांत तीन सत्रं दिली. सहा आठवड्यांनी स्मरण-आकलनाच्या तक्रारी २५ टक्के, इतरांत ४६. पण उशीर झाला की अर्थ कमी.

हल्ली घरी भाड्याने मिळणारी मऊ पिशवी म्हणजे १.३ एटीए आणि साधी हवा. २१ गुणिले १.३, म्हणजे २७ टक्के. नाकातल्या नळीने दोन लिटर दिला तरी एवढं मिळतं.

दाबमापक
पिशवीबद्दल सहमत, ती फसवणूकच. पण खऱ्या चेंबरचं दार दीर्घकालीन रुग्णाला बंद करू नका. शुद्धी मोजायची कोमा रिकव्हरी स्केल (सीआरएस-आर) २३ गुणांची आहे. सत्रं सुरू होण्याआधी दोन आठवड्यांत निदान पाच वेळा, वेगवेगळ्या वेळी करा. एकदाच तपासलं तर अर्धवट शुद्धीतला रुग्ण पूर्ण बेशुद्ध ठरतो. मग २० सत्रांनी पुन्हा तशीच मोजणी. गुण हलले नाहीत तर थांबा.

पुनर्वसन_वॉर्ड
या अटीवर माझा विरोध निम्मा होतो. मोजणारा मात्र चेंबरच्या मालकाचा पगारी नको. आणि ४० सत्रांचे पैसे आगाऊ घेतले असतील तर विसाव्याला थांबवणार कोण?