नाटकाच्या भिंती न पाडता त्याचा चित्रपट होऊ शकतो का? ‘वान्या ऑन फॉर्टी-सेकंड स्ट्रीट’च्या निमित्ताने

तिसरी घंटा (चर्चाप्रस्ताव)

गाजलेल्या नाटकाचा चित्रपट करायचे ठरले, की पटकथाकार सहसा सर्वांत आधी त्याच्या भिंती पाडायला घेतो. रंगमंचावर पात्र जे केवळ बोलून सांगते ते पडद्यावर घडताना दाखवले जाते, दिवाणखान्यातला प्रवेश नदीकाठी हलवला जातो, आणि मग चित्रपट ‘नाटकी’ राहिला नाही याबद्दल सर्वजण समाधान मानतात. कोंडलेली माणसे हाच ज्या नाटकाचा विषय आहे, त्याच्या बाबतीत हा उपाय घातक ठरतो असे माझे मत आहे, आणि त्यासाठी मी दिग्दर्शक लुई माल यांच्या ‘वान्या ऑन फॉर्टी-सेकंड स्ट्रीट’ या १९९४ सालच्या चित्रपटाचा दाखला देतो.

ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. रशियन नाटककार चेकॉव्हच्या ‘अंकल वान्या’ या नाटकामध्ये सेवानिवृत्त प्राध्यापक सेरेब्रियाकोव्ह आपली तरुण दुसरी पत्नी येलेना हिला घेऊन गावाकडच्या मिळकतीवर येतो. त्याच्या पहिल्या पत्नीचा भाऊ वान्या आणि पहिल्या लग्नाची मुलगी सोन्या यांनी वर्षानुवर्षे राबून ती मिळकत सांभाळलेली असते, आणि प्राध्यापक ती विकण्याचा बेत जाहीर करतो. आंद्रे ग्रेगरी या दिग्दर्शकाने डेव्हिड मॅमेट यांच्या इंग्रजी संहितेवर १९८९पासून न्यूयॉर्कमध्ये काही नटांसह तालमी सुरू केल्या. प्रयोग लावायचा नव्हता. अधूनमधून मोजक्या निमंत्रितांना बोलावून त्या दाखवल्या जात. माल यांनी चित्रीकरणासाठी निवडलेले न्यू ॲमस्टरडॅम हे १९०३ सालचे नाट्यगृह तेव्हा मोडकळीला आले होते. उंदरांनी दोर कुरतडल्यामुळे रंगमंच वापरण्याजोगा नव्हता, म्हणून काम प्रेक्षागृहाच्या भागातच करावे लागले. वेशभूषा नाही, बाग नाही, समोवार म्हणजे चहाचे रशियन पात्रही नाही. नट आपल्या रोजच्या कपड्यांत आहेत.

चित्रपट सुरू होतो तो रस्त्यावरच्या गर्दीत. नट एकेक करून येतात, गप्पा मारतात, वॉलेस शॉन एका बाकावर आडवा होतो. लॅरी पाइन आणि फीबी ब्रँड बोलत बसलेले असतात, आणि काही वाक्यांनंतर आपल्या ध्यानात येते की हे डॉक्टर आस्त्रोव्ह आणि म्हातारी दाई यांचे संभाषण आहे, नाटक केव्हाच सुरू झाले आहे, आणि बाकावरून उठणारा माणूस झोपेतून उठलेला वान्या आहे. या एका सांध्यासाठी मी अनेक देखण्या रूपांतरांवर पाणी सोडायला तयार आहे. शेवटी सोन्या मामाला धीर देते ते भाषण मोठ्या नाट्यगृहात शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचवावे लागते आणि त्या पोहोचवण्यातच ते खोटे होण्याचा धोका असतो. सोन्या झालेली ब्रूक स्मिथ ते शेजारी बसलेल्या माणसाला सांगावे तसे सांगते. कॅमेऱ्याने नाटकाला द्यायचे ते एवढेच, जवळीक. बाकीचे नाटकाजवळ आधीपासून आहे.

पानगळ

चित्रपट मलाही आवडतो, परंतु त्याला रूपांतर म्हणणे मला मान्य नाही. ते एका उत्कृष्ट तालमीचे उत्कृष्ट चित्रण आहे, आणि या दोहोंत फरक करावा लागतो.

आपण म्हणता की बाकीचे नाटकाजवळ आधीपासून आहे. ते नेमके कुठे आहे? चेकॉव्हने या नाटकाला ‘चार अंकांतील ग्रामजीवनाची दृश्ये’ असे म्हटले आहे. पहिला अंक बागेत, जुन्या झाडाखाली घडतो. दुसऱ्यात वादळ जवळ येत असते, खिडकी आपटते, बाहेर राखणदाराचा ठोका ऐकू येतो, आणि येलेनाला पियानो वाजवायचा असूनही नवऱ्याची परवानगी मिळत नाही, म्हणून ते घर त्या रात्री मुके राहते. चौथ्या अंकात पाहुण्यांच्या गाडीच्या घंटा दूर जातात आणि मागे राहिलेली माणसे एकामागून एक ‘गेले’ एवढेच म्हणतात. त्या शब्दाला वजन येते ते आता रिकाम्या झालेल्या घरामुळे, पुढच्या हिवाळ्यामुळे, कोसांवर पसरलेल्या एकाकीपणामुळे. सुजाण प्रेक्षक हे सर्व मनात उभे करील हे खरे, पण मग ते वाचकही करतोच, त्यासाठी कॅमेऱ्याची गरज काय?

दुसरे उदाहरण आस्त्रोव्हच्या नकाशांचे. पन्नास वर्षांपूर्वी, पंचवीस वर्षांपूर्वी आणि आज त्या जिल्ह्यात किती जंगल होते व किती उरले, हे तो येलेनाला दाखवतो आणि तिचे लक्ष दुसरीकडेच असते. आंद्रेई कोन्चालोव्स्की यांनी १९७० साली केलेल्या रशियन चित्रपटाच्या आरंभी त्या काळातील छायाचित्रांची मालिका येते, त्यात दुष्काळ आहे आणि तोडलेली अरण्येही आहेत. त्यामुळे नकाशा उलगडला जातो तेव्हा येलेना काय पाहत नाही हे आपल्याला ठाऊक असते. भिंती पाडून नाटक कसे मोठे करता येते याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

आणि ते पडके नाट्यगृह! गळणाऱ्या छताची ती खिन्नता न्यूयॉर्कची आहे, चेकॉव्हची नव्हे. वान्याच्या दुःखावर माल यांनी एका जुन्या थिएटरचे दुःख चढवले आहे, आणि आपण दोन्ही एकच समजून गहिवरतो.

तिसरी घंटा

पानगळ, छायाचित्रांचा मुद्दा बिनतोड आहे, आणि त्या चित्रपटातला सेर्गेई बोंदारचुक यांचा आस्त्रोव्ह विसरण्याजोगा नाही. तरीही एक विचारतो: येलेना काय पाहत नाही हे प्रेक्षकाला आधीच दाखवून ठेवले, तर तो तिच्याहून शहाणा होऊन तिच्याकडे पाहू लागतो. माल यांच्या चित्रपटात मी नकाशाकडे पाहावे की येलेना झालेल्या ज्युलियान मूरच्या चेहऱ्याकडे, याचा निर्णय मला करता येत नाही; म्हणजे माझी अवस्था तिच्यासारखीच होते. चेकॉव्हने जंगलाचा प्रवेश लिहिलेला नाही, एका जंगलवेड्या माणसाच्या बोलण्याकडे कोणी लक्ष देत नाही असा प्रवेश लिहिला आहे. पडक्या नाट्यगृहाबद्दल आपले म्हणणे मात्र मला अजून खोडता आलेले नाही. एवढेच म्हणेन, की मिळकत विकली जाण्याची भीती ज्या नाटकात आहे ते अशा इमारतीत करताना नटांच्या आवाजावर काही परिणाम होत असावा.

विंगेतला

मी प्रायोगिक नाटकांत काम करतो, म्हणून थोडे व्यवहाराचे बोलतो. या चित्रपटाचे चित्रीकरण सुमारे दोन आठवड्यांत झाले. नेपथ्य उभारायचे नव्हते, कालखंडाची वेशभूषा शिवायची नव्हती, आणि प्रत्येक नटाच्या अंगात भूमिका इतकी मुरलेली होती की कॅमेरा कुठेही ठेवला तरी काम थांबत नव्हते. आपल्याकडे चांगल्या नाटकांचे उरते काय, तर मागून कुठूनतरी केलेले चित्रण, ज्यात आवाज घुमतो आणि चेहरे दिसत नाहीत. दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात १९७४पासून आविष्कार या नाट्यसंस्थेच्या पुढाकाराने जी नाटके झाली, त्यांतील किती आज पडद्यावर पाहायला मिळतात? तिथे प्रेक्षक नटापासून हाताच्या अंतरावर बसत असे, म्हणजे माल यांना हवी असलेली जवळीक तिथे आयती होती. दोन कॅमेरे आणि एक समजदार छायाचित्रकार मिळाला असता, तर हेच काम आपल्याकडे वीस वर्षे आधी झाले असते. रूपांतर की चित्रण हा वाद त्यानंतर निवांतपणे घालता आला असता.

पानगळ

विंगेतला, हा हिशेब मोहक असला तरी अपुरा आहे. ते दोन आठवडे स्वस्त पडले, कारण त्यांच्यामागे काही वर्षांच्या तालमी होत्या, आणि प्रयोगाची तारीख डोक्यावर नसताना नटांनी इतका काळ एकाच संहितेला देणे ही चैन फार थोड्यांना परवडते. माल, ग्रेगरी आणि शॉन यांनी १९८१ साली ‘माय डिनर विथ आंद्रे’ हा केवळ एका जेवणावरच्या गप्पांचा चित्रपट एकत्र केलेला होता. परस्परांची सवय असलेली ती माणसे होती. दोन कॅमेरे आणून ते विश्वासाचे नाते मिळत नाही. आपल्याकडे असे प्रयत्न फसतात ते पैशांअभावी कमी आणि तालमींच्या घाईमुळे जास्त, असे मला वाटते.

छबिलदासचा जिना

दोन्ही बाजू वाचल्या. स्थलांतर करून केलेली रूपांतरे चर्चेत आली नाहीत. हेच नाटक मायकेल ब्लेकमोर यांनी १९९४ सालीच ‘कंट्री लाइफ’मध्ये ऑस्ट्रेलियात नेले, आणि अँथनी हॉपकिन्स यांनी १९९६च्या ‘ऑगस्ट’मध्ये वेल्समध्ये. दोन्हींत घर आहे, हवा आहे, पानगळ यांना हवे ते पुष्कळ आहे. तरी चर्चा मात्र रिकाम्या नाट्यगृहातल्या वान्याची होते. याचा विचार व्हावा.

माझा मूळ प्रश्न वेगळा आहे. ही पद्धत मराठीत आणायची तर कोणत्या नाटकासाठी? पहिले नाव मनात येते ते तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’चे. नाटकमंडळी प्रयोगासाठी परगावच्या सभागृहात आली आहेत, वेळ घालवायला म्हणून अभिरूप खटला सुरू होतो, आणि खेळ कधी संपला हे त्यात आरोपी केलेल्या बेणारेबाईंना कळेपर्यंत उशीर झालेला असतो. नट येतात, गप्पा मारतात, नाटक नकळत सुरू होते. माल यांनी बाहेरून घातलेला सांधा इथे संहितेतच आहे. सत्यदेव दुबे यांनी १९७१ साली त्याचा चित्रपट केलाच आहे, पण आज कोणी तो पुन्हा एका तालमीच्या रूपात करावा असे मला वाटते.

तिसरी घंटा

मला हे पटत नाही, आणि गंमत म्हणजे यावेळी मी भिंती वाढवण्याच्या विरोधात बोलतो आहे. ‘शांतता’मध्ये दोन थर आधीच आहेत, मंडळींचा खेळ आणि त्याखालची शिकार. त्यावर आजच्या नटांच्या तालमीचा तिसरा थर चढवला, तर मंडळींतला सुखात्मे वकिलीचा आव आणतो तेव्हा आव कोणाचा, सुखात्म्याचा की त्याची भूमिका करणाऱ्या नटाचा, असा गोंधळ होईल आणि बेणारेबाईंना सुटायला एक वाट मिळेल: हे सगळे तालमीतच चालले आहे, असे प्रेक्षक स्वतःला सांगू शकेल. दाराची ती कडी, जी सुरुवातीच्या बोलण्यात सहज येते आणि शेवटी बाहेरून लागलेली असते, ती खऱ्या दाराचीच हवी.

पानगळ

म्हणजे दाराची कडी खरी हवी, पण येलेनाचा पियानो आणि वान्याची बाग नसली तरी चालेल. हा भेद आपण कोणत्या नियमाने करता, ते सांगावे.

तिसरी घंटा

नियम नाही, नाटकागणिक निर्णय आहे. बेणारेबाईंना बाहेर जायचे असते आणि कडी त्यांना अडवते. वान्याला अडवणारे दार कुठेच नाही. तो कधीही उठून जाऊ शकतो आणि जात नाही. म्हणून त्याच्या घराच्या भिंती मला दिसल्या नाहीत तरी चालतात, त्याचा चेहरा मात्र दिसला पाहिजे.

पानगळ

तो का जात नाही हे कळायला मला ते घर पाहायचे आहे. इथे आपले जुळणार नाही.