मदत हवी आहे: पेठेतला वाडा सोडून कोकणात चाललोय, तानपुरे कसे जपायचे?

मी गाते, नवरा तबला वाजवतो. पुण्यात सदाशिव पेठेतला आमचा वाडा पुनर्विकासात जातोय, म्हणून आम्ही दापोलीजवळ सासऱ्यांच्या जुन्या घरी कायमचे राहायला चाललो आहोत. या वाड्याच्या माजघरासारखा आवाज मला कुठेच लागला नाही. जाड मातीच्या भिंती, वर लाकडी फळ्यांची तक्तपोशी. षड्ज भरून राहतो, पण घुमत नाही. ते सोडताना जीव तुटतोय.

पण आत्ता खरी काळजी वाद्यांची आहे. मिरजेच्या तानपुऱ्यांची जोडी आहे, त्यातला एक गुरुजींनी दिलेला. भोपळा आणि लाकूड दोन्ही दमट हवा शोषतात, आणि तिकडे पावसाळ्यात ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस! सांध्यातला सरस सुटला, तबली (भोपळ्यावरची लाकडी पाटी) फुगली तर? तबल्याच्या पुडीलाही (तोंडावरच्या चामड्याला) बुरशी धरतेच.

कोकणात राहणाऱ्या गायक-वादकांनो, पावसाळ्यात तुम्ही वाद्यं कुठे ठेवता? कपाटात बल्ब लावून ठेवण्याचा उपाय ऐकलाय, पण सततच्या उष्णतेने भोपळ्याला तडा जाईल अशी भीती वाटते. वीज वारंवार जाते, त्यामुळे दमटपणा शोषणाऱ्या यंत्रावर भरवसा ठेवता येणार नाही. सिलिका जेल पुरतं का?

ताम्हिणी घाटातून टेम्पोने नेताना तारा किती उतरवाव्यात, खुंट्या काढून ठेवाव्यात का? आणि दापोली, खेड, चिपळूण भागात जवारी काढणारे (तानपुऱ्याची घोडी घासून नाद जुळवणारे) किंवा पुडी चढवून देणारे कारागीर आहेत का? नसतील तर तुम्ही दर वेळी मिरजेलाच जाता का, तेही सांगा.