मदत हवी आहे: उशिरा परत बसवलेल्या दातात कायमचे काय भरावे?

माझ्या अकरा वर्षांच्या मुलाचा वरचा पुढचा दात फोंड्यात सायकलवरून पडून मुळासकट निघाला आणि रुमालात कोरडाच राहिल्याने दोन तासांनी परत बसवला गेला. (दुधात ठेवायला हवा होता, हे तेव्हा ठाऊक नव्हते.) मुळाचे टोक पूर्ण बंद झालेले होते. दोन आठवडे तारेचा आधार दिला, त्याच काळात नस काढून मुळात कॅल्शियम हायड्रॉक्साइड (तात्पुरते भरायचे औषध) भरले. आता दात हलत नाही, ठोकल्यावर धातूसारखा आवाज येतो, म्हणजे मूळ हाडाला चिकटत असावे. जबडा अजून वाढायचा असल्याने इम्प्लांट शक्य नाही. पुढे दात शेजारच्या दातांच्या मानाने हिरडीत आत राहिलेला दिसल्यास मूळ हाडातच ठेवून वरचा भाग कापावा लागेल, तेव्हा मुळात भरलेले गटापर्चा (कायमचे भरायचे रबरासारखे द्रव्य) काढावे लागते. मग आताच गटापर्चा भरावे, की कॅल्शियम हायड्रॉक्साइडच ठेवावे?