ख्रिस्ती धर्माचा अभ्यास करताना कुठला सोर्स धरायचा, कुठला सोडायचा?

निळीशाई:
नव्या कराराच्या इतिहासावर निबंध लिहायचाय आणि डोक्याचा पार भुगा झालाय. एका व्हिडिओत छातीठोकपणे सांगितलंय की ३२५ साली निकेया इथे भरलेल्या बिशपांच्या (चर्चच्या वरिष्ठ धर्मगुरूंच्या) परिषदेत रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने मतदान घेऊन बायबलची पुस्तकं ठरवली. बायबल अ‍ॅपमधल्या फुकट भाष्यात याचा पत्ताच नाही. मैत्रीण म्हणते चर्चच्या माणसाने लिहिलेलं धरूच नकोस, ते आपलंच घोडं दामटणार. आमचे पाळक म्हणतात अश्रद्ध लोकांचं वाचून मन गढूळ करून घेऊ नकोस. मग धरायचं तरी काय? "हे बिनधास्त वापर" असं एखादं पुस्तक, एखादी साइट आहे का?

जुनाकारकून:
बिनधास्त वापरावं असं काही नसतं हो. निकेयाचंच बघा ना. परिषदेचं श्रद्धामत, २० नियम आणि तिने पाठवलेलं पत्र, तिन्ही आज वाचायला मिळतात आणि पुस्तकांच्या यादीबद्दल त्यात चकार शब्द नाही. वाद होता एरियस नावाच्या धर्मगुरूच्या शिकवणीचा (येशू देवाच्या बरोबरीचा नाही, असं तो म्हणायचा), शिवाय ईस्टरची तारीख, बिशपांचे अधिकार वगैरे. मग ही गोष्ट आली कुठून, तर ९व्या शतकातल्या एका ग्रीक ग्रंथात अशी कथा आहे की सगळी पुस्तकं वेदीपाशी ठेवून प्रार्थना केली आणि खरी तेवढी चमत्काराने वर आली, १८व्या शतकात फ्रेंच लेखक व्होल्तेरने त्यावरून भरपूर टिंगल केली, आणि तिथून फिरत फिरत ती व्हिडिओपर्यंत पोचली, चमत्कार गळाला आणि त्या जागी मतदान आलं. म्हणजे घटना आणि कथा यात पाचशेच्या वर वर्षं! आजची २७ पुस्तकांची यादी नेमकी तशीच पहिल्यांदा दिसते ती अलेक्झांड्रियाचा बिशप अथनासियस याच्या ३६७ सालच्या पत्रात, म्हणजे निकेयानंतर चार दशकांनी. त्यामुळे कुठलाही दावा दिसला की एवढंच शोधा, हे सांगणारा सगळ्यात जुना माणूस कोण आणि तो घटनेपासून किती लांब उभा होता.

पानगळ:
+१. व्हिडिओवाल्यांना कुठे वाचलं म्हणून विचारलं तर ते दुसऱ्या व्हिडिओची लिंक देतात 😀

अर्धविराम:
अ‍ॅपबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. फुकट भाष्यं फुकट का असतात? बहुतेक वेळा कॉपीराइट संपलेला असतो म्हणून. भाष्यकार मॅथ्यू हेन्री जवळपास सगळीकडे मिळतो, तो माणूस १७१४ साली वारला. सिनायटिकस हे बायबलचं जुनं ग्रीक हस्तलिखित अभ्यासकांच्या हाती लागलं १९व्या शतकात, इजिप्तमधल्या ऑक्सिरिंकसचे पपायरस (लव्हाळ्यापासून केलेल्या कागदावरचे जुने लेख) १८९६ नंतर, मृत समुद्राच्या गुंडाळ्या (त्या समुद्राजवळच्या गुहांत सापडलेली जुनी ज्यू हस्तलिखितं) १९४७ पासून पुढे. यातलं काहीच त्या बिचाऱ्यासमोर नव्हतं. मार्कच्या शुभवर्तमानाच्या १६व्या अध्यायातली ९ ते २० ही वचनं सिनायटिकस आणि व्हॅटिकानस या ४थ्या शतकातल्या दोन्ही हस्तलिखितांत नाहीत, म्हणून आजच्या बऱ्याच भाषांतरांत तिथे कंस किंवा तळटीप असते. हे त्याच्याकडून कळणार कसं? पण म्हणून तो टाकाऊ नाही. प्रवचनाच्या तयारीला उत्तम, आणि १८व्या शतकातले इंग्लिश प्रोटेस्टंट बायबल कसं वाचायचे यावर लिहायचं असेल तर तो थेट मूळ साधन आहे. सोर्स भरवशाचा का हा प्रश्न अर्धाच असतो, कशासाठी भरवशाचा ते आधी ठरवा.

जुनाकारकून:
अर्धविराम, शंभर टक्के सहमत.

तिरपीरेघ:
श्रद्धावान की अश्रद्ध यावर माझा थोडा वेगळा सूर. लेखकाची श्रद्धा माहीत असावी, पण तिच्यावरून निकाल लावू नये. २०१२ साली हार्वर्डच्या प्राध्यापिका कॅरन किंग यांनी "येशूची पत्नी" असा उल्लेख असलेला पपायरसचा तुकडा जाहीर केला, केवढा गाजावाजा झाला! २०१६ मध्ये एका पत्रकाराने तो तुकडा कोणाच्या हातून आला ते खणून काढलं, तेव्हा त्यांनी स्वतःच तो बहुधा बनावट असल्याचं मान्य केलं. उलट बाजूने बघा, वॉशिंग्टनचं म्युझियम ऑफ द बायबल उभारलं श्रद्धावान ख्रिस्ती लोकांनी, पण आपल्याकडचे मृत समुद्राच्या गुंडाळ्यांचे सगळे १६ तुकडे त्यांनी बाहेरच्या तज्ज्ञांकडून तपासून घेतले आणि सगळे बनावट निघाले हे २०२० मध्ये आपणहून जाहीर केलं. आता यात जास्त विश्वास कोणावर ठेवाल? मी तरी ज्याने आपलंच नुकसान होणारं जगासमोर मांडलं त्याच्यावर ठेवीन. आणि वस्तू कुठून, कोणाकडून आली याचा कागद नसेल तर प्राध्यापक कितीही मोठा असो, थांबा.

निळीशाई:
थँक्यू सगळ्यांना, बरंच सुटलं. एकच शंका. माझ्याकडे एक कॅथलिक पुस्तक आहे, आत "इम्प्रिमाटुर" छापलंय आणि बिशपचं नाव आहे. म्हणजे मजकूर तपासून पास केलेला, निबंधात तसं लिहू ना?

अर्धविराम:
तसं लिहू नका. इम्प्रिमाटुर म्हणजे बिशपची छापायला परवानगी. त्याआधी एक तपासनीस श्रद्धा आणि नीती यांच्या विरुद्ध काही नाही ना एवढं बघतो. सनावळ्या किंवा हस्तलिखितांचे दावे बरोबर आहेत याची ती हमी नव्हे. बऱ्याच पुस्तकांत तिथेच बारीक अक्षरात छापलेलं असतं की परवानगी देणारे लेखकाच्या मतांशी सहमत असतीलच असं नाही, तुमच्यातही बघा. चर्चची अधिकृत शिकवण काय हे दाखवायचं असेल तर मात्र खुशाल वापरा.